डावीकडे सोडलेला पत्ता

बगळा परत आला. अनिरुद्धने हातातले सात पत्ते उलगडले तर तिसऱ्या पत्त्यावर तोच, एका पायावर उभा, मान आखडून बघणारा. थोड्या वेळापूर्वी पाकीट फोडताना अनिरुद्धने तो पाहिला होता, घ्यावासा वाटूनही घेतला नव्हता, आणि बाकीच्या पत्त्यांबरोबर डाव्या हाताला बसलेल्या बायकोकडे सरकवला होता. संघमित्रा, त्याची मित्रा, पाखरं खेळते हे घाटकोपरच्या या पत्त्यांच्या दुकानात रविवारी दुपारी जमणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. चार वर्षं ती पाखरंच खेळत आली होती. बगळा तिच्यापुढे ठेवला की तो तिथेच राहणार, यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. पण पत्ते टेबलाभोवती पुरते फिरून पुन्हा त्याच्या हातात आले, मधल्या लोकांनी आपापलं काढून घेतलं, आणि बगळा जिथल्या तिथे. बाकीच्यांनी घेतला नाही याचं त्याला काही वाटलं नाही, त्यांना पाखरांशी काय करायचंय. पण मित्रानेही घेतला नव्हता. त्याने मान न वळवता डावीकडे पाहिलं. ती हातातल्या पत्त्यांकडे बघत होती, खालचा ओठ दातांत धरून, कॉलेजचे पेपर तपासताना धरते तसा. त्याने बगळा उचलून आपल्यापुढे पालथा ठेवला, कारण दुसरं घेण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

हा खेळ न खेळणाऱ्याला समजावून सांगताना त्याची नेहमी दमछाक व्हायची. वाशिमला आईला एकदा फोनवर सांगायला गेला तर ती म्हणाली, "म्हंजे रमीच नं बापा," आणि त्याने हो म्हणून विषय संपवला. तसं अवघड काही नाही. आठ जण गोल बसतात. प्रत्येकापुढे पत्त्यांची तीन बंद पाकिटं. पत्त्यांवर राक्षस, सैनिक, पाखरं, जलचर, झाडं, अशा पाच जाती. छापील नावं इंग्रजीत असतात, पण दुकानात ती कोणी घेत नाही. पहिलं पाकीट फोडायचं, पंधरातला एक पत्ता आपल्यासाठी काढायचा, उरलेले पालथे करून डावीकडच्याला द्यायचे. त्याच वेळी उजवीकडच्याचे उरलेले आपल्याकडे येतात. त्यातला एक घ्यायचा, पुन्हा पुढे. दुसरं पाकीट उलटं, उजवीकडे फिरतं, तिसरं पुन्हा डावीकडे. याला ड्राफ्ट म्हणतात आणि तो चालू असताना बोलायचं नसतं. मग जमलेल्या पत्त्यांतून ज्याने त्याने आपला संच बांधायचा आणि एकमेकांशी लढायचं. लढाईची मजा पोरांना. अनिरुद्धला आवडायचा तो हा आधीचा गप्प भाग. आठवडाभर अंधेरीच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे काढून डोळे चुरचुरत असायचे, कोणाशी बोलायचं त्राण नसायचं, आणि इथे तर न बोलणं हाच नियम होता. नवरा-बायकोने शेजारी बसायचं नाही, असाही एक नियम दुकान चालवणाऱ्या केयूरने केला होता. या दोघांना त्याने तो माफ केला. "तुम्ही दोघं जिंकता कुठे? बसा बाजूबाजूला," तो म्हणाला होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

आणि गुरुजी होते. गुरुजी म्हणजे परदेशातला कोणी एक दाढीवाला खेळाडू. दर आठवड्याला त्याचा व्हिडिओ यायचा आणि इथे तो सगळे बघायचे. गुरुजी हे नाव विकीने दिलेलं. विकी मालाडहून यायचा, मोबाइल दुरुस्त करायचा आणि गुरुजींची वचनं पाठ म्हणायचा. पहिले काही पत्ते मन मोकळं ठेवून घ्या, एका जातीच्या प्रेमात पडू नका. शेजाऱ्याने सोडलेला पत्ता म्हणजे त्याला नको असलेला पत्ता, तेव्हा वरून काय येतंय ते बघून आपली जात ठरवा. डावीकडच्याला भेटी पाठवू नका, तो तुमचा कोणी लागत नाही. प्रत्येक पत्त्याला गुरुजींनी गुण दिलेले असायचे, आणि ते मनाने नव्हे, लाखो ऑनलाइन डाव मोजून काढलेले. अनिरुद्धला हे सगळं पटायचं. आकड्यांशी वाद घालण्याएवढी उमेद त्याच्यात कधीच नव्हती. फक्त त्याला वाटायचं, त्या लाखो डावांत कोणाच्या शेजारी कोणाची बायको बसलेली नव्हती. म्हणून डावीकडे भेटी पाठवू नका हा सल्ला त्याने ऐकला होता, मानलाही होता आणि चार वर्षं पाळला नव्हता. चांगलं पाखरू दिसलं की तो ते सोडायचा. मग त्याचा स्वतःचा संच धड ना सैनिकांचा धड ना झाडांचा, असा काहीतरी व्हायचा, आणि तो हरायचा. हरताना त्याला आतून बरं वाटायचं. बायकोसाठी आपण काहीतरी सोडतोय आणि ते तिला सांगतही नाही, याची त्याला चटक लागली होती म्हणायला हरकत नाही.

यंदा गुरुजींनी बगळ्याला फार कमी गुण दिले होते. अनिरुद्धने स्वतःला समजावलं, मित्राने तो व्हिडिओ पाहिला असेल, संपला विषय. तिचा विषयच संख्याशास्त्र. कॉलेजात अकरावी-बारावीला तेच शिकवते, ती आकड्यांच्या बाजूने जाणारच. तसं असेल तर ठीक. तसं नसेल तर काय, याचा विचार त्याला इथे बसून करायचा नव्हता. कारण उद्या सकाळी क्लिनिकला फोन करायचा होता. तिसऱ्यांदा करायचं की थांबायचं ते उद्या कळवा, म्हणजे औषधं मागवता येतील, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. मुलासाठीच्या उपचाराच्या एका फेरीला त्या सायकल म्हणायच्या. पहिली सायकल, दुसरी सायकल. जणू कोणी घंटी वाजवत मुलुंडला घराखालच्या गल्लीतून चक्कर मारून येणार होतं. पहिल्या वेळी बाहेर कोणाला कळू न देता दोघांनी केलं. सुया टोचायला तो नर्सकडून शिकला. पोटाची कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ घालायची, हात हलू द्यायचा नाही. मित्रा वर पंख्याकडे बघत राहायची आणि म्हणायची, झालं का रे. तिच्या पोटावर हिरवेनिळे डाग पडले, ती त्यांच्यावर साडीची घट्ट गाठ मारून वर्गात उभी राहायला जायची. दुसऱ्या वेळी ती झालं का असंही विचारेनाशी झाली. दोन्ही वेळा शेवटी फोनवर तोच मऊ आवाज, सॉरी म्हणणारा. मागच्या भेटीत मित्राने विचारलं, तिसऱ्या वेळी शक्यता किती. डॉक्टरबाईंनी एक आकडा सांगितला. "हे कोणाच्या मानाने?" तिने विचारलं. "म्हणजे दोनदा न झालेल्यांपैकी, की सगळ्यांमधून?" डॉक्टरबाई थोड्या गोंधळल्या, मग म्हणाल्या की आकडा जाऊ द्या, माझा सल्ला आहे करा, पण निर्णय तुमचा. खाली उतरताना जिन्यात अनिरुद्ध म्हणाला, "तू म्हणशील तसं." ती म्हणाली, "बघू." त्यानंतर त्या विषयावर घरात कोणी बोललं नाही. ती पेपर तपासत राहिली, तो भांडी लावत राहिला, आणि त्याची पक्की समजूत होती की मित्राच्या मनात करायचंच आहे, फक्त तिला धीर हवाय, आणि तिला जे हवं त्यात आपण आड येता कामा नये.

दुसरं पाकीट फोडलं. आता पत्ते उलटे फिरत होते, म्हणजे मित्राकडून त्याच्याकडे. तिने सरकवलेले पत्ते त्याने उचलले आणि काय आलंय यापेक्षा काय आलं नाही ते बघायला लागला. हेही गुरुजींनीच शिकवलेलं. पाखरं होती. चांगली दोन पाखरं होती. जलचर होते, एक बरा सैनिक होता. राक्षस एकही नव्हता. पुढच्या खेपेलाही नव्हता. त्याच्या पुढच्या खेपेला एक होता, तोही अगदीच किरकोळ, कोणीच न घेणारा. त्याने पुन्हा डावीकडे पाहिलं. मित्रापुढची पालथ्या पत्त्यांची चळत नीट रचलेली होती आणि तिने तिच्यावर तळवा ठेवला होता. ती राक्षस घेतेय, त्याच्या लक्षात आलं. जी बाई घरात झुरळ निघालं तर ते कागदावर घेऊन खिडकीतून सोडते, ती राक्षस घेतेय. आणि मग त्याला तो पहिला रविवार आठवला, चार वर्षांपूर्वीचा. केयूरने दोघांना फुकट पाकिटं दिली होती, दोघांना काही कळत नव्हतं, आणि मित्रा एका पोपटाच्या पत्त्याकडे बघून म्हणाली होती, "चित्र छान काढलंय." एवढंच. त्यानंतर ती पाखरांबद्दल काही बोलल्याचं त्याला आठवेना. त्याने खूप आठवून पाहिलं. समोरचे पत्ते तसेच राहिले आणि उजवीकडून स्वरदा नावाची कॉलेजातली मुलगी टेबलावर बोट वाजवायला लागली, घ्या की काका, म्हणून.

तिसऱ्या पाकिटात त्याला सुरुवातीलाच एक काळा, सहा हातांचा राक्षस मिळाला. गुरुजींच्या यादीत अगदी वरचा. अनिरुद्धकडे सैनिक होते, हा पत्ता त्याच्या कामाचा नव्हता, पण अशा वेळी आपल्यावर तो उलटू नये म्हणून घेऊन ठेवावा, इतपत अक्कल कोणालाही असते. त्याने तो सोडला. कसलासा सैनिक काढून राक्षस डावीकडे सरकवला, आणि सरकवताना त्याला इतकं हायसं वाटलं की स्वतःचंच हसू आलं. बायकोला राक्षस हवेत तर राक्षस. आपण काय, तेही सोडू. त्याच्या मनातली सगळी कालवाकालव एका पत्त्याबरोबर डावीकडे निघून गेली. मित्राने पत्ते उचलले, राक्षस पाहिला, आणि पहिल्यांदाच मान वळवून सरळ त्याच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात आभार नव्हते. ती दमलेली दिसत होती, एवढंच त्याला कळलं.

लढतीत ती तिन्ही डाव जिंकली. अनिरुद्ध तिन्ही हरला. स्वरदा तर मित्राकडून अशी झोडपली गेली की पत्ते गोळा करताना म्हणाली, "काकू, आज काय खाऊन आलात?" केयूरच्या दुकानात एक रिवाज होता. सगळं आटोपलं की पहिल्याने आणि शेवटच्याने आपापले पत्ते टेबलावर उघडे मांडायचे, आणि बाकीच्यांनी त्यावर तोंडसुख घ्यायचं. सगळे खुर्च्या ओढून जमले. अनिरुद्धच्या पत्त्यांकडे बघून विकीने नुसते हात जोडले. मग तो मित्राच्या राक्षसांकडे वळला.

"झकास, वहिनी. पाखरं सोडली एकदाची. गुरुजींचा व्हिडिओ बघितला ना?"

"मी नाही बघत त्याला," मित्रा म्हणाली. "मला पाखरं आवडत नाहीत."

"काय सांगताय? चार वर्षं तेच खेळताय तुम्ही."

"येत होती म्हणून खेळत होते. उजवीकडून सारखी पाखरंच यायची, चांगली चांगली. म्हटलं, याला ती नको असणार, मग आपण घेऊ. रस्ता मोकळा आहे म्हटल्यावर कोण सोडतं? आज म्हटलं, येऊ देत किती यायची ती. मला हवंय ते घेते."

सगळ्यांत आधी विकीला कळलं. तो अनिरुद्धकडे वळला. "दादा, तुम्ही मुद्दाम सोडत होता? वहिनींसाठी?" अनिरुद्धने मान डोलावली. "वाट लागली," विकी म्हणाला, आणि सगळेच हसले. केयूर गल्ल्यामागून म्हणाला, "म्हणून मी नियम केलेला ना, नवरा-बायको शेजारी नको. ऐकतं कोण?" अनिरुद्धही हसला. मित्रा हसली नाही. ती पत्ते गोळा करत होती, एकेक उचलून, कडा जुळवून. तिने हलक्या आवाजात, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "शेवटच्या पाकिटात परत सोडायला लागलास. कळलं मला."

दुकानाचा जिना तो मित्राच्या मागे उतरला. गुरुजी म्हणत होते ते खरं होतं तर. शेजाऱ्याने सोडलेला पत्ता म्हणजे त्याला नको असलेला पत्ता. मित्रा व्हिडिओ न बघता हेच धरून चालली होती, कोणीही शहाणा माणूस धरेल तसं. तो मात्र समजत होता की आपण नियमाच्या बाहेर आहोत. नवऱ्याने सोडलेल्या पत्त्याचा अर्थ वेगळा असतो आणि तो बायकोला आपोआप कळतो, असं त्याने कशावरून धरलं होतं? आणि ती चार वर्षं नावडती पाखरं खेळत होती, दर रविवारी, त्याच्या उदारपणापायी. त्याला शरम वाटली. मग वाटलं, तिने तरी कधी तोंड उघडलं का? एवढं आवडत नव्हतं तर घरी जेवताना बोलायचं. स्कूटरची चावी खिशात चाचपत तो हे घोळवत होता. स्कूटर लावली होती तिथपर्यंत पोचेस्तोवर त्याच्या मनात पत्ते मागे पडले आणि क्लिनिकची फाइल पुढे आली, तशी तो जागच्या जागी थांबला. पहिल्यांदा क्लिनिकचा पत्ता त्यानेच शोधला होता. वेळ त्यानेच घेतली होती. दुसऱ्या वेळी फाइल हातात घेऊन दारात बूट घालून उभाही तोच होता. आणि प्रत्येक वेळी सगळं तिच्यापुढे ठेवून म्हणाला होता, तू म्हणशील तसं.

"भूक लागलीय," मित्रा म्हणाली. "डोसा खाऊ."

खाऊगल्लीत उजेड होता अजून. बाकड्यावर जागा मिळाली. तव्यावर पाणी मारल्याचा चर्र आवाज येत होता, लोणी जळल्याचा वास होता, शेजारच्या बाकड्यावर एक घोळका कोणाच्या तरी वाढदिवसाचा हिशेब लावत ओरडत होता. मित्राने पर्स मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून बसली. तिच्या मनगटाची हाडं अलीकडे वर आलेली त्याला दिसली. ती अशी कधीपासून दिसतात, ते त्याला सांगता आलं नसतं.

"उद्या फोन करायचाय," तो म्हणाला.

"हो. आणि तू म्हणशील तसं, असं म्हणू नकोस."

तो तेच म्हणणार होता.

"पहिल्यांदा मला हवं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा नको होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला हवं होतं ना. फाइल घेऊन उभा होतास दारात. म्हटलं, याला एवढं हवंय तर करू."

"मला वाटलं तुला हवंय. मी तुझ्यासाठी उभा होतो."

डोसेवाल्याने मध्येच दोन ताटल्या आदळल्या आणि चटणीचा डबा सरकवला. मित्राने डोशाला हात लावला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग अगदी साध्या आवाजात, न रागावता म्हणाली, "मग त्या सुया कोणासाठी होत्या रे?"

तुझ्यासाठी, हे उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं. कित्येक महिने तो त्याच उत्तरावर जगत होता. पण ते बाहेर येईना. त्याला ऑफिसातला एक नकाशा दिसायला लागला, ठाण्याच्या कोण्या पार्टीच्या दोन खोल्यांच्या घराचा. दुसऱ्या सायकलच्या दिवसांत तो करत होता. धाकट्या खोलीत खिडकीखाली त्याने एक बुटकं टेबल काढलं होतं, पार्टीने मागितलेलं नसताना, आणि टेबलाशी बसणाऱ्याला सकाळचं ऊन डोळ्यांवर येईल म्हणून ते हातभर बाजूला घेतलं होतं. कोणाच्या डोळ्यांवर? दुपारची जेवणाची वेळ होऊन गेली तरी तो ते टेबल सरकवत बसला होता. संध्याकाळी पुसून टाकलं आणि घरी जाऊन बायकोला विचारलं, दुखतंय का फार? टेबलाचं तिला सांगितलं नाही. स्वतःलाही पुन्हा आठवू दिलं नाही.

"माझ्यासाठी," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, शेजारच्या बाकड्यावरचा एकजण वळून बघायला लागला. "मला हवं होतं, मित्रा. मला मूल हवं होतं. तुझ्यावर ढकलत होतो मी. अजूनही हवंय मला."

मित्राने डोळे मिटले आणि उघडले. "हे तू आज बोलतोयस."

"हो."

"आधी बोलला असतास तर मी भांडले असते तुझ्याशी. कडाडून भांडले असते. आणि कदाचित भांडून मग हो म्हटलं असतं, मनापासून." तिने डोशाचा एक तुकडा मोडला आणि तसाच ताटलीत ठेवला. "आता नाही रे जमणार मला. डॉक्टर काय म्हणते, आकडा काय म्हणतो, ते असू दे. माझं अंग नको म्हणतंय. मीही नको म्हणतेय."

त्याला खूप वाईट वाटलं. आणि त्याला तिचा रागही आला, खराखुरा, तापलेला राग, आठ वर्षांच्या संसारात असा आला नव्हता. तो बोलायला गेला की ठीक आहे, तुला नको तर नको. मग थांबला.

"मला राग येतोय तुझा," तो म्हणाला.

"येऊ दे."

"वाईटही वाटतंय."

"मलाही वाटतंय," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. तिने ते पुसले नाहीत. डोसेवाला पाण्याचे ग्लास ठेवून गेला. तोवर डोसे गार झाले होते. मग मित्राने नाक ओढलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "उद्या मी करते फोन. नाही म्हणून सांगते."

"नको. मी करतो. मी सांगतो त्यांना, मला हवं होतं, पण आम्ही थांबतोय."

"क्लिनिकच्या बाईला एवढं कशाला सांगायचं? नाही म्हटलं की झालं."

"सांगू दे मला," अनिरुद्ध म्हणाला. "तुला वेळेवर सांगितलं नाही. आता सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही."